अडवण्याचा अधिकार कुणाचा?

मंडळी, नारायणगावात बसून समुद्राच्या कायद्यावर बोलायचं म्हणजे जरा गंमतच. पण नाणेघाट आपल्या जवळच आहे. कोकणातल्या बंदरांवरचा माल तिथून जुन्नरला चढायचा. घाटातला दगडी रांजण जकातीचा, असं आपण लहानपणापासून ऐकतो. घाटात अडवणाऱ्याच्या मागे राज्य असतं. भर समुद्रावर कुणाचंच राज्य नाही. मग तिथं जहाज कुणी अडवायचं?

पोर्तुगीजांनी ‘कार्ताझ’ नावाचा परवाना काढला. तो नसेल तर जहाज जप्त. कान्होजी आंग्र्यांनी आपलं दस्तक मागितलं, तर इंग्रजांनी त्यांना चाचा ठरवलं. आपण कार्ताझला जुलूम म्हणतो आणि दस्तकाला न्याय. का? ‘आपला माणूस’ हे उत्तर विचाराच्या कसोटीवर टिकत नाही.

1982 च्या सागरी कायदा कराराचं कलम 110 एक कसोटी देतं. परक्या जहाजावर युद्धनौकेनं चढायचं ते चाचेगिरी, गुलामांचा व्यापार, जहाज कुठल्याच देशाचं नसणं अशा मोजक्या बाबतींत सबळ संशय असेल तरच. संशय निराधार ठरला आणि जहाजाचा काही दोष नसेल, तर नुकसानभरपाई द्यायची. आमच्या मते अधिकार आणि दांडगाई यांतला फरक इथं आहे: अडवणारा स्वतः जबाबदेही असतो.

पण एवढ्यानं भागत नाही. 1999 साली ‘अलोंड्रा रेनबो’ हे जपानी मालकीचं जहाज चाच्यांनी पळवलं. नाव बदलून ‘मेगा रामा’ केलं, झेंडा बेलीझचा लावला. बेलीझनं सांगितलं, असं जहाज आमच्याकडे नाही. तटरक्षक दलाची ‘ताराबाई’ आणि नौदलाची ‘प्रहार’ यांनी अरबी समुद्रात ते पकडलं. पंधरा इंडोनेशियन आरोपींवर मुंबईत खटला चालला. 2003 मध्ये शिक्षा झाली, 2005 मध्ये उच्च न्यायालयानं सगळ्यांना सोडलं. आपल्या दंडसंहितेत चाचेगिरी नावाचा गुन्हाच नव्हता! करार आपण 1995 मध्येच मान्य केला होता. स्वतंत्र कायदा झाला 2022 मध्ये.

म्हणजे बघा, अडवण्याचा अधिकार होता, पण पुढं न्याय करायची तयारी नव्हती. 2024 मध्ये नौदलानं 35 सोमाली आरोपी मुंबई पोलिसांच्या ताब्यात दिले, तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. वाजवाव्यातही. पण खरी परीक्षा जहाजावर नसते, कोर्टात असते. तिथं आरोपी परका असला तरी त्याची बाजू ऐकावी लागते. आपल्या दस्तकाला न्याय म्हणायचं असेल, तर ही अट आपल्यालाही लागू आहे.