वजाबाकीतला माणूस : मराठी कथनपरंपरेतील परतलेला सैनिक

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातील अनेक गावांत स्मारक-पाट्या बसविल्या. महाराष्ट्रातही त्या ठिकठिकाणी आढळतात. त्यांवरील मजकूर ठराविक साच्याचा आहे : या गावातून १९१४ ते १९१९ या काळात इतके पुरुष महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. पाटीवर आकडे दोनच. तिसरा आकडा, म्हणजे परत आलेल्यांचा, कोरलेला नाही. तो वाचणाऱ्याने वजाबाकी करून काढावयाचा. परत आलेला माणूस त्याच गावात, त्याच पाटीसमोरून पुढची तीस-चाळीस वर्षे ये-जा करीत राहिला असेल. परंतु संहितेत त्याचे अस्तित्व केवळ बाकी म्हणून आहे.

ही पाटी सरकारी आहे, तिची भाषा परकी आहे, असे म्हणून तिला बाजूला सारणे सोपे आहे. तथापि मराठी कथनपरंपरेचा हिशेबही फारसा निराळा नाही. युद्धावर जाण्याला मराठीत आकृतिबंध आहेत. औक्षण, टिळा, आईचा निरोप, पत्नीचे मौन, मागे टाकलेले लग्नकार्य ही सारी निर्गमनाची चिन्हे पोवाड्यापासून चित्रपटापर्यंत सहज ओळखता येतात. मृत्यूलाही आकृतिबंध आहे; किंबहुना वीरगळापासून तो आपल्याकडे दगडात घडविलेलाच आहे. पुनरागमनाला मात्र तो नाही. सीमोल्लंघनाचा विधी येथे अपवाद म्हणून पुढे करता येईल. दसऱ्याला सीमा ओलांडून परतणाऱ्याला ओवाळले जाते. परंतु तो सोने घेऊन येतो. रिकाम्या हातांनी, अथवा हातात काय आहे हे स्वतःलाच न कळलेल्या अवस्थेत परतणाऱ्यासाठी तो विधी नाही.

या उणिवेचे एक कारण काव्यशास्त्रात सापडते. वीररसाचा स्थायीभाव उत्साह. उत्साह हा कृतीकडे झेपावणारा भाव असल्यामुळे कृती संपताच त्याला आलंबन उरत नाही. करुणाचा स्थायीभाव शोक. त्यासाठी इष्टाचा नाश व्हावा लागतो. जिवंत परतलेला सैनिक या दोहोंच्या मधल्या जागेत उभा राहतो. त्याचा उत्साह संपलेला असतो आणि त्याच्यासाठी शोक करण्याचे कारण कोणाला दिसत नाही. आनंदवर्धनाने महाभारताचा अंगी रस शांत मानला, त्यामागे युद्धोत्तर अवस्थेचे मोठे आकलन आहे यात संशय नाही. परंतु ते राज्य मिळूनही विरक्त झालेल्या युधिष्ठिराचे आकलन होय. रजा संपवून किंवा नाव कमी होऊन परतलेल्या शिपायाला विरक्ती परवडणारी नसते. मृगाच्या आत त्याला वखर धरावयाचा असतो.

लोकस्मृतीचे उदाहरण घेतल्यास सिंहगडाचा प्रसंग पुरेसा बोलका आहे. गड आला आणि सिंह गेला, या म्हणीने त्या रात्रीचा हिशेब दोन नोंदींत मिटविला. परंपरेनुसारच त्या रात्री पळणाऱ्यांना मागे फिरविणारा आणि गड प्रत्यक्ष ताब्यात आणणारा सूर्याजी जिवंत राहिला. म्हणीत त्याला जागा नाही. तो आला असेही नाही आणि गेला असेही नाही. तानाजीने मुलाचे लग्न मागे टाकले हे प्रत्येक शाळकरी मुलास ठाऊक असते. सूर्याजी भावाच्या घरी काय सांगत गेला असेल, हा प्रश्न परंपरेला पडलेला दिसत नाही.

पानिपताच्या संदर्भात ही गोष्ट अधिक गुंतागुंतीची होते. नाना फडणीस आई आणि पत्नीसह उत्तरेत गेले होते, तेव्हा ते विशीतही नव्हते. आई परत आली नाही, नाना परतले. त्यांनी मागे ठेवलेले अपुरे आत्मवृत्त हे परतलेल्या माणसाचे मराठीतील अत्यंत महत्त्वाचे लेखन मानले पाहिजे. त्यात भय आहे, शरीराच्या विकारांची कबुली आहे, जीव वाचविण्यासाठी केलेली पळापळ आहे. बखरीच्या भारदस्त गद्याशेजारी हे गद्य उघडे वाटते. पुढे मुत्सद्दी म्हणून ख्यातनाम झालेल्या या पुरुषाने आपल्या परतण्याचे वर्णन करताना वीररसाचा आधार घेतलेला नाही, आणि आपल्या वाङ्मयेतिहासानेही या लेखनाकडे पाहिले ते ऐतिहासिक साधन म्हणून. वाङ्मयप्रकार म्हणून त्याला वंशज मिळाला नाही.

त्याच नानांच्या कारभारात, १७७६ मध्ये, सदाशिवरावभाऊ परतल्याचा डांगोरा पिटणाऱ्या तोतयाला देहदंड झाला. रशियन अभ्यासक व्लादिमिर प्रॉप याने १९२८ मध्ये लोककथेची जी रूपमीमांसा मांडली तिच्यात परतणे, ओळख न पटता येऊन पोहोचणे, खोट्या नायकाने हक्क सांगणे आणि अखेरीस खऱ्याची ओळख पटणे ही कार्ये क्रमाने येतात. पानिपतोत्तर मराठी स्मृतीत या क्रमातील खोटा नायक तेवढा उरला. ज्याची ओळख पटावी असा खरा नायक आलाच नाही. न. चिं. केळकर यांनी 'तोतयाचे बंड' हे नाटक त्या घटनेवर रचले. पुनरागमनाला मराठी रंगभूमीवर नाट्यविषय म्हणून जागा मिळाली, पण ती फसवणुकीच्या रूपाने, हे लक्षात घेण्याजोगे आहे. जो परत आला असे म्हणतो त्याच्याकडे प्रथम संशयाने पाहावे, अशी जणू एक वाचनरीतच त्यातून घडते. रामकथेतही परतल्यानंतरचा भाग हा संशयाचाच भाग आहे; फरक इतकाच की तेथे संशयाचे ओझे परतलेल्या योद्ध्यावर न पडता त्याच्या पत्नीवर पडते.

आधुनिक काळात या प्रश्नाची कसोटी पाहावयाची तर १९३८ च्या वैद्यकीय पथकाकडे वळावे लागते. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीसाठी सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष असताना पाच डॉक्टरांचे स्वयंसेवी पथक मुंबईहून रवाना झाले. नेते मदन अटल, उपनेते नागपूरचे मोरेश्वर चोळकर, सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस, आणि बंगालमधील विजयकुमार बसू व देवेश मुखर्जी. चोळकर व मुखर्जी १९३९ मध्ये परतले, अटल १९४० मध्ये, बसू १९४३ मध्ये. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्येच निवर्तले, तेव्हा त्यांचे वय अवघे बत्तीस होते. पाचांपैकी एक आला नाही. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या १९४४ च्या पुस्तकाचे नावच 'अँड वन डिड नॉट कम बॅक' असे आहे. स्मारक-पाटीने केलेली वजाबाकी येथेही आहे, आणि येथेही शिल्लक राहिलेले चौघे शीर्षकाबाहेर आहेत.

या पुस्तकावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' काढला आणि प्रमुख भूमिका स्वतः केली. चित्रपट हिंदी असला तरी त्यामागील निरोपाची कल्पना अस्सल मराठी घरातली आहे. सोलापूरच्या घरी आई-वडिलांसमोर मुलाने आपला निर्णय सांगणे, हा प्रसंग पोवाड्यातील निर्गमनाचेच नागर रूप होय. खरे कौशल्य शेवटात आहे. मरणासन्न नायक आपल्या चिनी पत्नीला सोलापूरच्या घराची वाट शब्दांनी दाखवितो आणि ती मूल घेऊन त्या घरी येते. म्हणजे पुनरागमन घडते, परंतु ते दुसऱ्याच्या पावलांनी. ज्याने परतावयाचे तो आवाजाच्या रूपाने तेवढा उरतो. पुनरागमनाची कथा सांगण्याची इच्छा आणि परतलेल्या माणसाला पडद्यावर आणण्याची असमर्थता, या दोहोंची इतकी सुबक तडजोड भारतीय चित्रपटात क्वचितच झाली असेल. हा शेवट केवळ भावविवश म्हणून निकालात काढणारी टीका त्यातील या अडचणीकडे दुर्लक्ष करते. नायक जिवंत परतला असता तर शांतारामांना चित्रपट संपविता आला नसता. स्टेशनवर हार घातल्यानंतर पुढे काय, हा प्रश्न उरला असता.

तो प्रश्न चोळकरांच्या वाट्याला आला. नागपूरला परतलेल्या या ज्येष्ठ डॉक्टराभोवती कथा उभी राहिली नाही. कोटणिसांचे नाव सोलापुरात आणि चीनमध्ये स्मारकांच्या रूपाने नांदते. चोळकरांचे नाव पथकाच्या यादीत, बहुधा दुसऱ्या क्रमांकावर, वाचावयास मिळते. येथे तुलना त्यागाच्या मोजमापाची नाही. कोटणिसांचे कार्य निर्विवाद मोठे आहे, आणि ते चारएक वर्षे युद्धभूमीवर टिकून राहिले हेही खरे. प्रश्न कथनाचा आहे. त्याच बोटीने गेलेला, त्याच मार्गाने प्रवास केलेला माणूस केवळ परतल्यामुळे कथेबाहेर जातो, ही कथनाच्या यंत्रणेची मर्यादा होय. बसूंची हकीकत तर अधिक उद्बोधक आहे. भारतात ॲक्युपंक्चर रुजविणाऱ्या या डॉक्टरची चीनमधील दैनंदिनी 'कॉल ऑफ येनान' या नावाने प्रसिद्ध झाली ती १९८६ मध्ये, म्हणजे परतल्यानंतर त्रेचाळीस वर्षांनी.

असाच विलंब मराठीतही दिसतो. विनोदी कथालेखक म्हणून परिचित असलेले कॅप्टन गो. गं. लिमये पहिल्या महायुद्धात लष्करी डॉक्टर होते. त्यांचे 'सैन्यातील आठवणी' हे पुस्तक १९३९ मध्ये आले. मध्ये दोन दशके गेली. वॉल्टर बेन्यामिन याने कथाकथनावरील १९३६ च्या निबंधात असे निरीक्षण नोंदविले आहे की, महायुद्धावरून परतलेली माणसे सांगण्याजोग्या अनुभवाने समृद्ध होण्याऐवजी मूक होऊन आली. त्याचा निष्कर्ष युरोपातील यांत्रिक युद्धाच्या संदर्भातील आहे. मराठीत हे मौन केवळ सांगणाऱ्याचे नव्हते, ऐकणाऱ्याचेही होते, असे वाटते. ज्या समाजात युद्ध परक्या सरकारचे आणि शिपाई आपला, तेथे परतलेल्याला कोणत्या भूमिकेतून ऐकावयाचे हे ठरलेले नव्हते. तो वीर म्हणावा तर कोणाचा, हा पेच लिमयांच्या पिढीसमोर होता. सेनाधिकाऱ्यांची नंतरची आत्मचरित्रे हा पेच सोडवितात असे म्हणता येत नाही. ती बहुतांशी कारकिर्दीची कथने आहेत, घरी येण्याची नव्हेत.

स्वातंत्र्यानंतर युद्ध आपले झाले, तेव्हा तरी चित्र पालटावयास हवे होते. १९६३ च्या 'छोटा जवान' या चित्रपटासाठी ग. दि. माडगूळकर यांनी लिहिलेले समरगीत घराघरांत पोहोचले. त्याच्या ध्रुवपदात सैनिकाला दोनच वाटा आहेत, विजय अथवा मृत्यू. गीताच्या प्रकृतीला ते धरून आहे आणि माडगूळकरांच्या शब्दप्रभुत्वाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु बासष्टच्या पराभवानंतर जे प्रत्यक्ष परतले त्यांनी जिंकलेही नव्हते आणि ते मेलेही नव्हते. माडगूळकर १९७३ मध्ये यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा बांगलादेशच्या युद्धाला पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. यवतमाळ जिल्ह्याचा उल्लेख येथे आणखी एका कारणाने करावासा वाटतो. साताऱ्याजवळच्या आपशिंग्यासारख्या गावाच्या नावालाच 'मिलिटरी' हा शब्द जोडला गेला आहे. तेथे परतलेल्याला ऐकणारा दुसरा परतलेला माणूस मिळतो. पुसद, वणी, उमरखेडच्या कापसाच्या पट्ट्याला सैनिकी परंपरेची तशी ख्याती नाही. तेथील एखाद्या खेड्यात परतणारा शिपाई एकटाच असण्याचा संभव अधिक. गाव त्याला 'मिल्ट्रीवाला' म्हणून ओळखते. ही ओळख आहे, पण ती त्याच्या नसण्याच्या काळावरून दिलेली आहे. वऱ्हाडातील ग्रामीण कादंबरीने शेतमजूर, रिक्षावाला, परित्यक्ता यांना मध्यवर्ती स्थान दिले, ही तिची थोरवी निर्विवाद. परंतु या माणसाकडे ती फारशी फिरकली नाही.

तथापि परतलेल्याला वाचा फुटलीच नाही असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. ती शोधण्याची जागा चुकली आहे. गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये लष्करातून निवृत्त होऊन दापोलीला स्थायिक झाले. १८८८ मध्ये त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहिले. दलित साहित्याच्या पूर्वपीठिकेत या पुस्तिकेची नोंद योग्य रीतीने होतेच. परंतु ती एका परतलेल्या सैनिकाचे लेखन आहे, ही गोष्ट चरित्रात्मक तपशील म्हणून वाचली जाते. वस्तुतः तिच्या आकृतीचे स्पष्टीकरण तेथेच आहे. पलटणीत अक्षर, शिस्त आणि पद मिळालेला माणूस घरी येतो आणि वेशीवर त्याला पूर्वीचीच अस्पृश्यता भेटते. अशा माणसाला आठवणी सांगण्याची गरज वाटत नाही; तो प्रश्न विचारतो. 'विटाळ विध्वंसन' प्रश्नांच्या रूपाने रचले गेले, यामागे शास्त्रार्थाची परंपरा जशी आहे तशीच परतण्याची ही अनुभूतीही आहे. पुढे, महारांची सैन्यभरती बंद झाल्यावर, वलंगकरांनी सरकारकडे अर्ज केला. त्या अर्जातही वीररस नाही. केलेल्या सेवेचा हिशेब आहे, आणि तो दोन आकड्यांत संपणारा नाही.

नानांचे आत्मवृत्त, लिमयांच्या आठवणी, वलंगकरांचे प्रश्न आणि अर्ज हे लेखन आजवर चार वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवले गेले : ऐतिहासिक साधने, विनोदी लेखकाचे संकीर्ण वाङ्मय, सामाजिक सुधारणा, दप्तर. ते एकत्र ठेवून वाचले तर परतलेल्याच्या गद्याची काही लक्षणे दिसू लागतात. कथानकाला शिखर नसणे, स्वतःविषयीचा संकोच, तपशिलांचा अतिरेक, आणि वाचकाला उद्देशून मध्येच उभा राहिलेला प्रश्न. पोवाड्याच्या मोजपट्टीने ही सारी व्यंगे ठरतात. निवृत्तिवेतनाची पत्रे, जमीन मागणारे अर्ज, पलटणीतून घरी आलेली आणि घरून न गेलेली पत्रे अशा सामग्रीपर्यंत हे वाचन जाऊ शकते; जिल्ह्याजिल्ह्यांतील दप्तरांत ती पडून असण्याची शक्यता आहे, आणि पदव्युत्तर संशोधनाला त्यासाठी यवतमाळहून पुणे-मुंबई गाठावीच लागेल असे नाही.