मावळ्याच्या पायाखालची जमीन

दिवाळींत पुण्याच्या पेठांतून फिरणाऱ्या मनुष्यास पणत्या, आकाशकंदील व फराळाचा घमघमाट यांबरोबर आणखी एक गोष्ट हटकून आढळते. ती म्हणजे पोरांनीं केलेला किल्ला. जुन्या वाड्यांचीं अंगणें बहुतेक नाहींशीं झालीं. तथापि इमारतीच्या पार्किंगच्या कोपऱ्यांत कां होईना, चार विटा, दगड, गोणपाट व चिखल एकत्र येतात, वर हळीव पेरले जातात आणि मावळे उभे राहतात. साहित्याच्या मासिकानें अशा पोरखेळाची समीक्षा करावी काय, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, मराठी मुलाचा इतिहासाशीं पहिला परिचय पुष्कळदां पुस्तकांतून न होतां या चिखलांतून होतो. आणि जी कृति इतिहास शिकविते ती टीकेसहि पात्र असते.

यंदा असे वीस-पंचवीस किल्ले आम्हीं हिंडून पाहिले. तटबुरुजांविषयीं आमची तक्रार नाहीं. आमचें लक्ष वेधलें तें एका क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीनें, म्हणजे मावळ्याच्या बैठकीनें. कुंभारवाड्यांतून आणलेलें चित्र बहुधा एका जाड चकतीवर उभें असतें. ही चकती निष्कारण नाहीं. बारीक पायांवर मातीचें चित्र तोलत नाहीं, घोट्यांत मोडतें; म्हणून त्यास रुंद पाया लागतो. कारागिराच्या दृष्टीनें बैठक हें चित्राचें बळ होय. परंतु तेंच चित्र किल्ल्यावर ठेवतांच तें वैगुण्य ठरतें. तांबड्या मातीचा उतार, त्यावर हिरवी वाटोळी चकती आणि चकतीवर ढाल-तलवार घेतलेला वीर! हा पुरुष गडावर पहारा देत नसून दुकानाच्या फळीवरून नुकताच खालीं उतरला आहे, असेंच पाहणारास वाटतें.

हा प्रश्न केवळ आमच्याच पोरांपुढें आहे असें नव्हे. प्रशियांतील राइसवित्झ पितापुत्रांनीं रचलेला युद्धाचा खेळ १८२४ सालीं तेथील सैन्यानें स्वीकारला. पुढें एच्. जी. वेल्स यांनीं १९१३ सालीं 'लिटल वॉर्स' लिहून शिसाच्या शिपायांचीं युद्धें घरांतल्या जमिनीवर आणिलीं. आज ऐतिहासिक लढाया टेबलावर खेळणारे शोकी लोक शिपायाच्या अंगरख्याइतकेच श्रम त्याच्या बैठकीवर घेतात. तिला ते गोंद लावून बारीक वाळू चिकटवितात, ती गडद रंगवून वरून फिकट रंगाचा कोरडा कुंचला फिरवितात आणि शेवटीं रंगीत गवताचे झुबके लावितात. शिवाय अनेक खेळांत पथकानें रणांगणावर किती रुंदी व्यापावी हें बैठकीच्या रुंदीवरून ठरतें. तेथें बैठक ही शोभा नव्हे. ती भूमि आहे आणि मापहि आहे.

येथें कोणी प्रमाणाचा आक्षेप घेतील. महाराज दरवाजाहून उंच आणि वाघ बुरुजाएवढा, तेथें चकतीचें काय घेऊन बसलांत? आम्हांस हा आक्षेप मान्य नाहीं. तीन इंचांचा मावळा साडेपांच फूट पुरुषाच्या जागीं धरला, तर प्रमाण एकास बावीस पडतें. पुण्याच्या सपाटीपासून सुमारें २,३०० फूट उंच असलेला सिंहगड त्या हिशेबानें शंभर फुटांहून उंच करावा लागेल! तेव्हां डोंगराचें माप निराळें व माणसाचें निराळें, हें पोरास आणि त्या टेबलावरच्या सेनापतीस सारखेंच पत्करावें लागतें. महाराज मोठे असणें हा दोष नसून आदराची भाषा आहे. दोष आहे तो मावळ्यास जमीनच नसण्याचा.

कारण मराठ्यांचें युद्ध हें जमिनीचें युद्ध होतें. १६५९ सालीं प्रतापगडाखालीं जावळीच्या रानानें जें केलें तें नुसत्या तलवारीनें झालें नसतें. उलटपक्षीं ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीस बापू गोखल्यांचे स्वार इंग्रजांच्या फळीवर चालून गेले, तेव्हां दलदल आडवी आली आणि तो हल्ला विस्कटला. जमीन मित्रहि होते व शत्रूहि होते. युनेस्कोनें २०२५ सालीं ज्या बारा किल्ल्यांस जागतिक वारसा म्हणून मान दिला, त्यांच्या समुच्चयाच्या नांवांतहि मराठ्यांचा लष्करी भूप्रदेश अभिप्रेत आहे; केवळ तट नव्हे.

अलीकडे तट, पायऱ्या व बुरुज यांसह प्लॅस्टरचा आयता किल्ला बाजारांत मिळतो. तो घरीं आणावा, मावळे मांडावे, कीं काम झालें. अशा किल्ल्यांत उणें काढण्यास जागा थोडी. पण वाट कोठून काढावी, पहारा कोठें ठेवावा हा विचार त्यांत पोरानें केलेला नसतो. आमची खंत आहे ती ही.

पाहिलेल्यांपैकीं एक किल्ला मात्र आमच्या मनांतून जात नाहीं. शनिवार पेठेंतल्या एका बोळांत तो होता. उंची जेमतेम दीड हात, एक बुरुज ढांसळलेला. करणारा मुलगा दहा-अकरा वर्षांचा असेल. त्यानें चकत्या ओल्या मातींत दाबल्या होत्या आणि कडांवर चाळलेली माती भुरभुरली होती. हळिवाचे कोंब बोटभर वाढून मावळे कमरेपर्यंत बुडाले होते; माचीवर तें अरण्यच दिसे, परंतु खालच्या खिंडींत फार शोभलें. त्या खिंडींत, एका दगडाआड, एकच मावळा अर्धा दडलेला होता.

"इथें एकटाच कां रे ठेवलास?" आम्हीं विचारलें.

"काका, खालून वर यायला वाट एकच आहे. तेवढीला एक पुरतो," तो म्हणाला.

या उत्तरांत जो इतिहास आहे तो त्यास कोणीं पढविला होता कीं नाहीं, हें आम्हीं विचारलें नाहीं. स्पर्धेच्या परीक्षकांनीं तट मोजावे, दिवे मोजावे. आमची हरकत नाहीं. परंतु एकदां खालीं बसून प्रत्येक मावळ्याच्या पायांकडेहि पाहावें, आणि तो तेथेंच कां उभा आहे, हें करणाऱ्या पोरास विचारावें.