जल्लादाचे दोन कागद

जल्लाद म्हटला की काळा बुरखा आणि तांबारलेले डोळे आपल्यासमोर येतात. ही प्रतिमा पुढच्या काळातल्या चित्रकारांनी आणि कादंबरीकारांनी घडवली. जर्मनीतील न्युरेंबर्ग शहराचा जल्लाद फ्रांत्स श्मिट बुरखा घालत नव्हता. त्याचे तोंड शहरातल्या पोरासोरांनाही ठाऊक होते. तरीही त्याच्याभोवती दंतकथा वाढली, आणि ती त्याच्या रोजनिशीवर पोसली गेली. त्या रोजनिशीविषयी मला काही सांगायचे आहे.

श्मिटने १५७३ साली पहिली शिक्षा अंमलात आणली. १५७८ मध्ये तो न्युरेंबर्गच्या नोकरीत शिरला. १६१७ पर्यंत त्याने सुमारे ३९४ माणसे मारली. ज्यांना फटके मारले, ज्यांचे अवयव तोडले ती वेगळीच. या साऱ्यांची नोंद तो करीत राहिला. ही रोजनिशी १८०१ साली छापली गेली.

मी ती वाचायला घेतली तेव्हा माझी एक अपेक्षा होती. समाजाने ज्याला विटाळ मानले असा माणूस चारशे वर्षांपूर्वी लिहितो आहे, तेव्हा त्यात आपल्या आत्मकथनांतल्यासारखी ठणकणारी वेदना असेल असे मला वाटले. ती मला सापडली नाही. तेथे चोर, दरोडेखोर, खुनी यांची नावे आहेत, गुन्हे आहेत, शिक्षा आहेत. भाषा नगरसभेच्या कारकुनाची आहे. १५८० साली बालहत्येच्या आरोपातील स्त्रियांना नदीत बुडवून मारण्याऐवजी त्यांचा शिरच्छेद व्हावा म्हणून त्याने धर्मोपदेशकांसह खटपट केली आणि ती फळाला आली. याचे श्रेय मात्र तो स्वतःकडे घेतो. त्याच्या वाट्याला आलेल्या अप्रतिष्ठेबद्दल तेथे चकार शब्द नाही.

तो शब्द दुसऱ्या कागदात आहे. १६२४ साली, म्हातारपणी, त्याने बादशहा दुसरा फर्डिनांड याच्याकडे आपल्या कुळाचा मान परत मिळावा म्हणून अर्ज केला. त्यात बापाची हकीकत येते. १५५३ साली होफ गावी सरंजामदार आल्ब्रेख्तला तीन माणसांना फाशी द्यायची होती. गावात जल्लाद नव्हता. त्याने जमलेल्या गर्दीतून फ्रांत्सच्या बापाकडे, हाइनरिखकडे बोट दाखवले आणि हे काम कर, नाहीतर तुलाच लटकवतो, असे धमकावले. बापाने काम केले आणि त्या दिवसापासून शेजारीपाजारी, सगेसोयरे त्याला परके झाले. सरंजामदाराच्या एका बोटाने एक कुळ बाटले.

हा बाट कसा पाळला जाई ते पाहा. जल्लादाच्या पोराला प्रतिष्ठित कारागिरांच्या संघात प्रवेश नाही. त्याच्याबरोबर कोणी पेला उचलणार नाही. फाशीच्या खांबाला हात लावणारा सुतारही बाटायचा, म्हणून जर्मन शहरांत खांब दुरुस्त करायचा असला की संघातले सारे कारागीर मिळून काम करीत. सगळेच बाटले की कोणी कोणाला बोट दाखवायला नको! आणि हेच लोक मोडलेले हाड बसवून घ्यायला जल्लादाच्याच दारी येत. आपण पंधरा हजारांहून अधिक लोकांना बरे केले, असे श्मिट अर्जात सांगतो. दुखण्यात त्याचा हात चालत होता, पंगतीत चालत नव्हता.

बादशहाने मान परत दिला. १६३४ मध्ये श्मिट वारला. इतिहासकार जोएल हॅरिंग्टन यांनी २०१३ साली त्याच्यावर लिहिलेल्या ग्रंथात हे सारे आयुष्य गेलेला मान मिळवण्यासाठीची दीर्घ झुंज म्हणून मांडले आहे. मांडणी साक्षेपी आहे आणि माझ्या मते माणसाविषयी ती खरी आहे. पण माझा प्रश्न पुढचा आहे. श्मिट सुटला, त्याची जागा सुटली नाही. त्याच्या मागून दुसरा जल्लाद आला आणि तोच कलंक त्याच्या अंगाला चिकटला. नगरसभेने निवाडे द्यावेत, हात जल्लादाचे वापरावेत आणि पाप त्याच्या पदरात घालावे, ही व्यवस्था जशीच्या तशी राहिली. श्मिटच्या अर्जाने तिला धक्का लागला नाही, कारण ज्यांच्या व्यवस्थेने कलंक लावला त्यांच्याच दारी तो मान मागत होता.

आपल्या वाचकाला हे परके वाटणार नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात राजाज्ञेने वध करण्याचे काम चांडाळावर टाकले आहे आणि मेलेल्याची वस्त्रे त्याच्या वाट्याला दिली आहेत. आमच्या मुलखात फाशीचे काम मांगांच्या माथी मारले गेले. फरक इतकाच की होफमध्ये कलंक लावणाऱ्याचे नाव आणि साल आपल्याला ठाऊक आहे. आपल्याकडे त्या बोटाला धर्माचे नाव दिले गेले. ‘मृच्छकटिका’तले वध करणारे चांडाळ मात्र नेमके बोलतात : आम्ही त्या कुळात जन्मलो खरे, पण सज्जनाला छळतो तोच खरा चांडाळ. श्मिटच्या दोन्ही कागदांत हे वाक्य नाही.

म्हणून मला त्याच्याबद्दल करुणा वाटते, आदर्श म्हणून मात्र तो मला चालत नाही. एका घराण्याला मान परत देणारे फर्मान हे फर्मान काढणाऱ्याचा अधिकारच पक्का करते. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली, तेव्हा त्यांनी कोणाकडे मान मागितला नव्हता. मान देण्याघेण्याचा तो अधिकारच नाकारला होता. श्मिटची रोजनिशी वाचणाऱ्या तरुण कार्यकर्त्यांनी हा फरक ध्यानात ठेवून ती वाचावी.