अँथेम
अँग्लिकन चर्चच्या उपासनेत गायकवृंदाने गावयाची, बहुधा ऑर्गनची साथ असलेली धर्मगीतरचना. १६६२ च्या प्रार्थनाग्रंथात तिला स्थान मिळाले. हेन्री पर्सेल (१६५९–९५) याने तीत एकलगायन व वृंदगायन यांचा नाट्यपूर्ण मेळ साधला. सॅम्युएल सेबॅस्टियन वेस्ली (१८१०–७६) याने ऑर्गनला साथीपलीकडचे महत्त्व दिले. अनेक स्वरपंक्ती एकाच वेळी गुंफल्याने रचनेला भव्यता येते. परंतु शब्द अस्पष्ट होतात आणि उपासक केवळ श्रोते उरतात. ठाण्याच्या सेंट जेम्ससारख्या (१८२५) चर्चमधून अँग्लिकन उपासना महाराष्ट्रात आली. मराठी ख्रिस्ती गीतांसाठी मात्र ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) अभंग-भजनाची वाट धरली. तीत स्वरमेळाचे वैभव नाही. पण प्रत्येकाचा कंठ उपासनेत सामील होतो. अँथेमची मर्यादा नेमकी येथे जाणवते.