दार उघडणारा हात

भयानक रस समजावून सांगताना अभिनवगुप्ताने शाकुंतलाच्या पहिल्या अंकातील, दुष्यंताच्या रथापुढे जीव घेऊन धावणारे हरीण उदाहरणादाखल घेतले आहे. हरणाचे भय प्रेक्षकाला जाणवते, पण बाण त्याच्यावर रोखलेला नसतो. म्हणून तर त्या भयाचा आस्वाद घेता येतो. विद्यार्थिदशेत शिकलेला हा विचार आम्ही आजवर निःशंक मनाने बाळगला. नातवाने आग्रहाने हाती दिलेल्या एका व्हिडिओ गेमने तो प्रथमच डळमळला.

‘सायलेंट हिल’ हा कोनामी या जपानी कंपनीचा १९९९ सालचा खेळ. हॅरी मेसन नावाचा बाप धुक्याने झाकलेल्या गावात आपल्या हरवलेल्या मुलीला शोधतो आहे. आरंभीच मुलीची आकृती धुक्यात पुढे पुढे जाताना दिसते आणि तिच्या मागोमाग आपण एका अरुंद बोळात शिरतो. शिरतो म्हणजे हॅरीला आपणच शिरवतो. दृश्याचा कोन तिरपा होत जातो, दूर भोंगा वाजतो, अंधार दाटतो, हॅरी काडी ओढतो. चाकांची एक रिकामी खुर्ची दिसते. मग हाती सुरे घेतलेल्या, लहान मुलांएवढ्या आकृती अंगावर येतात. मागे फिरावे तर वाट बंद. आम्ही बटणे दाबत राहिलो. पण येथे काहीही केले तरी हार ठरलेली आहे, हरल्यावाचून कथा पुढे सरकतच नाही. हरीण या वेळी आम्हीच होतो.

हॅरी शुद्धीवर येतो तो एका उपाहारगृहात. तेथे मेजावरचा रेडिओ खरखरू लागतो आणि पाठोपाठ खिडकी फोडून एक उडते श्वापद आत येते. यापुढे संकट जवळ आले की रेडिओ खरखरतो. हे सावध करणारे साधनच भयाचे मुख्य कारण होऊन बसते, कारण डोळ्यांना काही दिसण्याआधी कानांना कळलेले असते. धुक्याचीही गंमत आहे. त्या काळच्या प्लेस्टेशन यंत्राला दूरवरचे दृश्य रेखाटणे झेपत नव्हते, म्हणून ते धुक्यात बुडवले. गरजेपोटी आलेली गोष्ट कलेच्या कामी आली.

आमच्या मंडळातील काही सभासद म्हणतील, नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी असताना या यंत्राच्या नादी कशाला लागावे? त्यांच्या कथांचे ऋण आम्हांस मान्य आहे. परंतु कथेत दार पात्र उघडते. वाचक फार तर पान उलटतो. खेळात दार आपल्या बोटाने उघडावे लागते, आणि पलीकडे जे घडते त्यात आपला हात असतो. कॅपकॉम कंपनीच्या १९९६ सालच्या ‘रेसिडेंट इव्हिल’मध्ये तर प्रत्येक दार काळ्या पडद्यावर संथपणे उघडताना दिसे. वस्तुतः तेवढ्या वेळात यंत्र पुढील खोलीची सामग्री चकतीवरून घेत असे! त्याच खेळात प्रगतीची नोंद टंकलेखन यंत्रावर करावी लागते आणि फिती मोजक्याच मिळतात. टंकलेखनाच्या फितीसाठी मागणीपत्रे लिहिण्यात ज्यांची नोकरी गेली, त्यांना ही धास्ती वेगळी सांगावयास नको.

असो. या प्रकाराची मर्यादाही मोठी आहे. शाकुंतल दहाव्यांदा वाचणाऱ्या रसिकाचा आनंद वाढतो. खेळात एकाच ठिकाणी दहा वेळा मरणाऱ्याचे भय मात्र विरून जाते. उरते ते केवळ कौशल्य, आणि पुष्कळदा वैताग. शिवाय अनेक खेळ अचानक मोठा आवाज करून दचकवण्यावरच समाधान मानतात. दचकणे क्षणाचे, धास्ती मुक्कामाची. हा भेद ज्यांना कळला नाही, त्यांचे खेळ आम्ही अर्ध्यावर सोडले.

पुनरावृत्तीवर एक तोड मात्र आम्हांस फार आवडली. १९९६ च्या खेळात एका बोळातून जाताना खिडकीची काच फोडून कुत्रे झेप घेतात. ज्यांनी तो खेळला ते ती खिडकी विसरत नाहीत. २००२ साली त्याची नवी आवृत्ती निघाली. जुना खेळाडू श्वास रोखून त्या बोळात येतो, खिडकीपाशी पोचतो. काचेला तडा जातो. कुत्रे येत नाहीत. आणि परतीची वाट त्याच बोळातून आहे.