नारळीकरांचं आत्मचरित्र आणि एम.एस्सी.नंतरचं पहिलं वर्ष

डिसेंबर २०२१ मध्ये नाशकात आडगावला ९४वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा मी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. अध्यक्ष जयंत नारळीकर. साहित्य संमेलनाला वैज्ञानिक अध्यक्ष, म्हणून आम्हा विज्ञानवाल्यांची कॉलर उगाचच ताठ झाली होती. तब्येतीमुळे ते नाशिकला येऊ शकले नाहीत. त्याच आठवड्यात मी सावानातून ‘चार नगरांतले माझे विश्व’ आणलं, दोन रात्रींत निम्मं वाचलं आणि चिडून परत करून आले.

का चिडले ते सांगते, कारण तुम्हीही चिडाल. मौज प्रकाशनाचं हे जाडजूड आत्मचरित्र २०१२ ला आलं, २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कारही त्याला मिळाला. बनारस, केंब्रिज, मुंबई, पुणे ही त्यातली चार नगरं. वडील बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक, तेही केंब्रिजला शिकून आलेले. घरात फळा, आणि त्यावर मोरूमामा भाच्यासाठी अवघड गणित लिहून ठेवणार. १९५७ ला बी.एस्सी., लगेच केंब्रिज, १९५९ ला रँग्लर, तेही सिनियर. दार पुढे येतं आणि उघडतं. पुढचं दार येतं, तेही उघडतं. आणि इकडे आमच्या वर्गात चर्चा काय, तर नेट निघाली नाही तर सीएचबीवर तास घ्यायचे, की सातपूर-अंबडच्या एखाद्या कंपनीत क्यूसीला चिकटायचं, की सरळ एमपीएससीचा क्लास लावायचा. पदवी आणि पुढच्या पायरीच्या मध्ये जी रिकामी जागा असते, ती या पुस्तकात मला कुठे दिसेना.

त्या चिडीत मी ‘कोसला’ पुन्हा वाचली. एक योगायोग बघा. नेमाडे आणि नारळीकर दोघंही १९३८ चे. ‘कोसला’ आली १९६३ ला, नारळीकरांची पीएच.डी. झाली तीही १९६३ ला. त्याच काळातला पांडुरंग सांगवीकर खानदेशातून पुण्याला शिकायला जातो, मेसच्या कारभारात हात पोळून घेतो, परीक्षेत आपटतो आणि गावी परततो. बापाच्या पैशांचा हिशेब डोक्यात ठेवून वसतिगृहात राहिलेल्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. मला तर वाटलं, झालं, आपलं पुस्तक हेच. नारळीकर दुसऱ्या कुणासाठी.

हे मत मी जवळजवळ साडेतीन वर्षं बाळगलं. २० मे २०२५ ला नारळीकर गेले, तेव्हा पुस्तक परत हातात घेतलं. मधल्या काळात पीएच.डी. सुरू झाली होती आणि ज्या गृहीतकावर माझा प्रवेशाचा आराखडा उभा होता, ते दुसऱ्या वर्षी माझ्याच आकड्यांनी मोडीत काढलं होतं. यावेळी मी केंब्रिजच्या भागाशी अडकले.

तिथे काय घडतं, ते थोडं विज्ञान घेऊन सांगायला हवं. नारळीकरांचे गाईड फ्रेड हॉईल. हॉईल यांचा स्थिर स्थिती सिद्धांत असा: विश्व प्रसरण पावतं, पण सतत थोडं थोडं नवं द्रव्य निर्माण होत असल्यामुळे त्याची घनता तीच राहते. म्हणजे विश्व कधीही पाहा, सरासरीने सारखंच दिसायला हवं. १९६१ च्या सुरुवातीला त्याच केंब्रिजमधल्या मार्टिन राइल यांनी रेडिओ स्रोतांची मोजणी जाहीर केली. अंधुक, म्हणजे दूरचे स्रोत अपेक्षेपेक्षा जास्त निघाले. दूरचं म्हणजे जुनं. तेव्हा पूर्वीचं विश्व वेगळं होतं, आणि हॉईल यांचा सिद्धांत चुकीचा. याला उत्तर देणारं काम गुरु-शिष्यांनी मिळून केलं, आणि लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत ते मांडायला उभे राहिले नारळीकर. वय बावीस. पीएच.डी.चं अजून पहिलंच वर्ष चाललेलं, आणि समोर राइल.

आपण हा प्रसंग ‘बघा किती हुशार’ म्हणून वाचतो आणि पुढे जातो. पण तारखा ओळीने लावून बघा. १९६३ ला पदवी. १९६५ ला पेन्झियास आणि विल्सन यांना आकाशाच्या सगळ्या दिशांनी सारखंच येणारं सूक्ष्मलहरींचं प्रारण सापडतं, आणि बहुतेक खगोलशास्त्रज्ञांच्या लेखी महास्फोटाचा निकाल लागतो. म्हणजे पीएच.डी. हातात पडल्यावर दोन वर्षांत ज्या सिद्धांताच्या बाजूने हा माणूस उभा होता, त्याच्या पायाखालची जमीन सरकली. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळालं, आणि हीच आठवण आपण जपली. मी पहिल्या वाचनात शोधत होते ती रिकामी जागा पुस्तकात होती. ती पदवीच्या अलीकडे नसून पलीकडे होती, आणि माझं तिकडे लक्षच नव्हतं.

माझी खरी तक्रारही इथेच आहे. नारळीकर मुद्दे मांडतात, पुरावे तोलतात, प्रतिपक्षाचं म्हणणं नीट सांगतात. पण मन मांडत नाहीत. बहुमत आपल्या विरुद्ध गेल्यावर सकाळी उठून त्याच टेबलाशी बसणं कसं जमलं, हे आपल्याला त्यांच्याकडूनच ऐकायचं असतं, आणि तिथे लेखणी शांत, सभ्य, एकसुरी होते. नेमाड्यांनी पानंच्या पानं ज्या गोष्टीवर खर्च केली, ती नारळीकर ओलांडून जातात. १९९३ ला हॉईल आणि बर्बिज यांच्यासोबत त्यांनी सुधारित सिद्धांत मांडला. तोही मुख्य प्रवाहाने स्वीकारला नाही. तीस वर्षं अल्पमतात राहण्याला काही लोक जिद्द म्हणतात, काही हट्ट. मला दोन्ही वाटतं, दिवस बघून.

आणि एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. अल्पमतात राहणं परवडावं लागतं. केंब्रिजचं नाव आणि पुढे टीआयएफआरची जागा पाठीशी असताना महास्फोटाशी भांडता येतं. महिना ३७,००० च्या जेआरएफवर, किंवा तीही नसताना, गाईडशी असहमती दाखवायची म्हणजे पोटात गोळा येतो. पुस्तकात हा फरक उघडपणे येत नाही. पण नावाचं वजन नारळीकरांना कळत नव्हतं असं मला वाटत नाही. १९७४ ला मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून! पहिलं बक्षीस जगतापांना मिळालं. तोवर पद्मभूषण होऊन नऊ वर्षं झालेल्या माणसाने नाव बाजूला ठेवून परीक्षेला बसावं, हे मला सिनियर रँग्लरपेक्षा जास्त आवडतं.

तुम्ही आता शेवटच्या सेमिस्टरला असाल, तर हे पुस्तक ‘यशस्वी कसं व्हावं’ म्हणून वाचू नका, उगाच छातीत धस्स होईल. बनारस वगळलंत तरी चालेल (मामाचा फळा तेवढा बघा). केंब्रिजपासून सुरुवात करा आणि शेजारी एका कागदावर १९६१, १९६३, १९६५, १९७२ अशी सालं लिहून ठेवा. १९७२ ला हॉईल यांनी केंब्रिज सोडलं, आणि नारळीकर मुंबईला आले. प्रत्येक सालाला त्यांच्या हातात काय होतं आणि काय निसटलं, हे स्वतः भरा. पुस्तक ते भरून देत नाही.

आणि गाईड निवडायला जाल तेव्हा विषय, पेपर किती, फेलोशिप कधी, हे विचाराच. त्याबरोबर हेही विचारा की सर, मॅडम, तुमचं शेवटचं चुकलेलं गृहीतक कोणतं होतं, आणि त्यावर काम करणाऱ्या विद्यार्थ्याचं पुढे काय झालं? मी विचारलं नव्हतं.