दाढीची तुरटी आणि पाण्याची तुरटी

“तुरटीने पाण्यातले जंतू मरतात. मग सलूनमध्ये सगळ्यांच्या गालांवर एकच तुरटी फिरवली तर बिघडते कुठे?” तुंगार्लीला काही शिक्षकांशी गप्पा मारताना हा प्रश्न आमच्यासमोर आला. तुंगार्ली म्हणजे लोणावळ्याचाच एक भाग. वर डोंगरात ब्रिटिश अमदानीतले धरण, खाली बंगले आणि वस्ती, वर्षाचा पाऊस चार हजार मिलिमीटरांच्या घरात. जुलैतले गढूळ पाणी आणि हंड्यात फिरवलेली तुरटी यांचे वर्णन अशा ठिकाणी मुलांना करून सांगावे लागत नाही. प्रश्न विचारणाऱ्या बाईंच्या तर्कात खोट नव्हती. खोट होती ती गृहीतात. ते गृहीत येते कोठून याचा माग काढायचा, तर शाळेतल्या उत्तरांपासून बारावीच्या पुस्तकापर्यंत जावे लागते.

एन.सी.ई.आर.टी.च्या बारावीच्या रसायनशास्त्रात पृष्ठ रसायनावर एक प्रकरण होते. 2022 च्या अभ्यासक्रम-कपातीत ते गळले. पण त्यावर वाढलेले शिक्षक आणि त्यावरून बेतलेली गाइडे अजून आहेतच. त्या प्रकरणात कलिलांचे, म्हणजे दुधासारख्या ना धड द्रावण ना धड गाळ अशा मिश्रणांचे, उपयोग दिलेले होते. एके ठिकाणी तुरटीने पाणी स्वच्छ होते असे सांगितले होते, तर दुसरीकडे रक्त हे एक कलिल असून तुरटी किंवा फेरिक क्लोराइड लावल्यास त्याचे किलाटन होते, गुठळी बनते आणि रक्तस्राव थांबतो, असे म्हटले होते. दोन्ही उपयोग जवळजवळ असल्याने आणि किलाटनाचा नियम त्याच प्रकरणात असल्याने वाचणारा दोहोंना एकाच माळेत ओवतो. तुरटीतला तीन धन प्रभारांचा ॲल्युमिनियम आयन ऋण प्रभाराचे कण उदासीन करतो, कण एकत्र येतात, खाली बसतात. पाण्यात मातीचे, गालावर रक्ताचे.

स्पष्टीकरण सुटसुटीत आहे, परीक्षेत गुणही देते. आमची तक्रार अशी की ते आकड्यांपुढे टिकत नाही, आणि आकडे त्याच प्रकरणाच्या आसपास मिळतात.

ज्या नियमाचा आधार घेतला जातो तो शुल्झ यांनी 1882 मध्ये आणि हार्डी यांनी 1900 मध्ये मांडला. आयनावरचा विरुद्ध प्रभार जितका जास्त, तितका तो थोड्या प्रमाणात कलिल फोडतो. आर्सेनिक सल्फाइडचे पिवळे कलिल फोडण्यास साधे मीठ लिटरला सुमारे 50 मिलिमोल लागते. ॲल्युमिनियम क्लोराइड 0.1 मिलिमोलपेक्षाही कमी पुरते. फरक पाचशे पटींचा. आता आपले रक्त पाहा. त्यातल्या द्रव भागात सोडियमचे आयन लिटरमागे सुमारे 140 मिलिमोल असतात. रक्त जर आर्सेनिक सल्फाइडसारखे वागले असते, तर ते स्वतःच्या मिठानेच केव्हाच फुटले असते! तसे होत नाही. रक्तातली प्रथिने पाण्याशी सलगी असणारी आहेत. ती नुसत्या प्रभाराच्या जोरावर तरंगत नाहीत. पाण्याचे रेणू त्यांना घट्ट बिलगून असतात. हार्डी-शुल्झ नियम मुख्यतः पाण्याशी फटकून राहणाऱ्या कणांचा आहे. तो रक्ताला जसाच्या तसा लावणे म्हणजे मापाशिवाय सदरा शिवणे.

दुसरा हिशेब विद्यार्थ्यांकडून फळ्यावरच करून घ्यावा. गढूळ पाण्याला लिटरमागे साधारण 10 ते 50 मिलिग्रॅम तुरटी पुरते. 30 मिलिग्रॅम धरू. पोटॅश तुरटीचा रेणुभार सुमारे 474 आहे, कारण तिच्या स्फटिकात पाण्याचे बारा रेणू असतात (वजनाने जवळजवळ निम्मी तुरटी पाणीच असते). म्हणजे ही मात्रा होते लिटरला सुमारे 0.06 मिलिमोल. दाढी झाल्यावर ओल्या गालावर तुरटीचा खडा फिरवतो, तेव्हा खड्याला लागून असलेल्या पाण्याच्या पातळ थरात तुरटीचे जवळजवळ संपृक्त द्रावण तयार होते. नेहमीच्या तापमानाला ते लिटरमागे 100 ग्रॅमच्या वर, म्हणजे 200 मिलिमोलहून अधिक असते. दोन्हींत तीन हजार पटींपेक्षा जास्त अंतर आहे. शिवाय हंड्यातले पाणी उदासीनच्या आसपास असते आणि गालावरच्या द्रावणाचा सामू 3 ते 3.5 इतका, म्हणजे चांगलाच आम्ल. परिस्थिती इतकी वेगळी असताना काम एकच चालते असे मानायला काय आधार?

पाण्यात तर ॲल्युमिनियमचा आयन फार वेळ सुटा राहतच नाही. पाण्यातल्या बायकार्बोनेटाशी क्रिया होऊन त्याचे हायड्रॉक्साइड बनते. ते कापसाच्या पेळूसारखे, चिकट, भुसभुशीत असते. खाली बसताना ते मातीचे कण जाळ्यात मासे सापडावेत तसे ओढून नेते. पावसाच्या ताज्या पाण्यात बायकार्बोनेट कमी असेल तर हे हायड्रॉक्साइड नीट बनत नाही आणि थोडा चुना घालावा लागतो. जलशुद्धीकरण केंद्रांत ही गोष्ट रोजच्या व्यवहारातली आहे. पुस्तकांत ती क्वचित सापडते.

गालावर काय होते ते मात्र अंड्यावर दाखवता येते. वाटीत अंड्याचा पांढरा, म्हणजे कच्चा पारदर्शक बलक घ्यावा आणि त्यात तुरटीचा ओला खडा घोळवत राहावा. थोड्या वेळात खड्याभोवती पांढरे दही जमू लागते. जुन्या काळी असे तुरटी घोटलेले अंडे सुजेवर बांधत. तुलनेसाठी 3 ग्रॅम तुरटी एक लिटर पाण्यात विरघळवावी, त्यातले 10 मिलिलिटर पुन्हा एक लिटर करावे (झाली 30 मिलिग्रॅमची मात्रा) आणि त्याचे थेंब दुसऱ्या वाटीतल्या बलकात टाकावे. दही जमत नाही. आम्लता एकटीच हे काम करते का, हे मुलांनी तिसऱ्या वाटीत लिंबाचा रस घालून पडताळावे. उत्तर आम्ही येथे देत नाही. अंडे चालत नसेल तेथे दूध घ्यावे. कलाकंदासाठी दूध फाडताना मिठाईवाले तुरटीचाच खडा टाकतात.

प्रथिनांच्या साखळ्यांवर ऋण प्रभाराचे गट असतात. तीव्र, आम्ल द्रावणातला ॲल्युमिनियम त्यांना धरून साखळ्या एकमेकींना जोडतो, त्यांची घडी मोडते, पाण्याची सलगी सुटते. रक्ताच्या द्रव भागात लिटरमागे 60 ते 80 ग्रॅम प्रथिने असतात. कापल्या जागी त्यांचा आणि त्वचेच्या उघड्या पृष्ठभागाचा मिळून एक पातळ बूच तयार होतो. प्रभाराचा यात वाटा आहे, हे पुस्तकाचे म्हणणे खोटे नाही, अपुरे आहे. ‘गुठळी’ हा शब्द मात्र सरळ दिशाभूल करतो. जखमेवर आपोआप होणारी गुठळी ही रक्तपट्टिका आणि फायब्रिनच्या धाग्यांची, अनेक पायऱ्यांनी विणलेली वीण आहे. तुरटीला त्या पायऱ्यांशी देणेघेणे नाही. ती वरून झाकण घालते. म्हणूनच वस्तऱ्याच्या ओरखड्याला ती पुरते आणि खोल जखमेला पुरत नाही.

इथे आपल्या भाषेनेच हातात आयते साधन दिले आहे, आणि कोणत्याच पुस्तकाने ते वापरू नये याचे आम्हाला नवल वाटते. तुरटी आणि तुरट. जांभूळ, आवळा, हिरडा, कच्चे केळे खाल्ल्यावर जीभ ओढल्यासारखी होते. ही गोड-आंबटासारखी निव्वळ चव नाही, बरीचशी स्पर्शाची जाणीव आहे. फळातले टॅनिन लाळेतल्या प्रथिनांचा साका करते, लाळेचा गुळगुळीतपणा जातो आणि जीभ खरखरीत लागते. टॅनिन आणि तुरटी यांची रासायनिक जात निराळी, पण प्रथिनांशी वागणूक एका वळणाची. हिरड्याने कातडे कमावतात तसे तुरटीनेही कमावत आले आहेत. जूनमध्ये लोणावळ्याच्या बाजारात जांभळाचे द्रोण घेणाऱ्या मुलाला दाढीच्या तुरटीचे रसायन जिभेवरच समजावता येते, प्रभाराच्या आकृतीची गरज नंतर पडते.

दाढीनंतर तुरटी लावली की झोंबते. जंतू मरत असल्याची ती खूण आहे, असे अनेकांना मनापासून वाटते. झोंबते ते उघड्या पडलेल्या त्वचेला आम्ल आणि क्षार लागल्यामुळे. जिथे झोंबेल तिथे वस्तरा जरा जास्त दाबला गेला, एवढाच त्याचा अर्थ. या दृष्टीने खडा उपयोगी आहे. नवशिक्याला हात कुठे चुकतो ते तो रोज सांगतो.

अलीकडच्या जाहिरातींचाही समाचार घ्यायला हवा. तुरटीचे खडे ‘रसायनविरहित’, काही वेळा ‘ॲल्युमिनियमविरहित’ म्हणून विकले जातात. पोटॅश तुरटीत वजनाने सुमारे 5.7 टक्के ॲल्युमिनियमच आहे. शिवाय बाजारात तुरटी म्हणून मिळणारा खडा पोटॅश तुरटीचाच असेल असे नाही, अमोनियम तुरटीही तशीच दिसते. परीक्षानळीत तुरटीची पूड आणि ओला चुना घेऊन किंचित गरम करावे. अमोनियाचा उग्र वास आला तर ती अमोनियम तुरटी. वास नळीत नाक न घालता हाताने हवा ओढून घ्यावा.

आता बाईंचा प्रश्न. पाण्यात तुरटीने जंतू मरत नाहीत, मातीबरोबर बरेचसे खाली बसतात. वरच्या पाण्यात काही उरतात, तळाच्या गाळात तर ते जिवंतच असतात. म्हणूनच निवळलेले पाणी उकळावे किंवा त्यात क्लोरीनचे औषध टाकावे लागते. प्राथमिक शाळेत निवळणे आणि निर्जंतुक करणे या दोन पायऱ्या वेगळ्या शिकवतात, आणि ते योग्यच आहे. पुढच्या इयत्तांत ‘तुरटीचे उपयोग सांगा’ या प्रश्नाच्या उत्तरात त्या एक होतात. तीव्र द्रावणात त्वचेवरच्या काही जंतूंची वाढ मंदावते हे खरे. पण त्या बळावर दुसऱ्याच्या रक्ताने माखलेला खडा सुरक्षित ठरत नाही. कावीळ ब चा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही, निदान सात दिवस टिकतो, आणि रक्ताचा डाग डोळ्यांना दिसेल इतका मोठा असावा लागत नाही. सलूनमधल्या दाढीचा आणि काविळीच्या ब व क प्रकारांचा संबंध इटली आणि पाकिस्तानातल्या अभ्यासांत पुढे आलेला आहे. ब प्रकारची लस आपल्याकडे बाळांच्या लसीकरणात देशभर आली ती 2011 मध्ये. म्हणजे आज खुर्चीत बसणाऱ्या बहुतेक प्रौढांना ती लहानपणी मिळालेली नाही.

एड्सविषयीच्या प्रचारानंतर गिऱ्हाइके नवे ब्लेड मागून घेऊ लागली. कारागीरही वेष्टन समोर फोडून दाखवतो. आणि त्यानंतर, नेमक्या ताज्या ओरखड्यांवर, दिवसभर सगळ्यांच्या गालांवरून फिरलेला खडा फिरवतो. खडा ‘औषधी’ असल्यामुळे त्याच्याकडे संशयाने कोणी पाहत नाही. यात कारागिराला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला जे सांगितले गेले तेच त्याच्या गिऱ्हाइकालाही शाळेत सांगितले गेले आहे. उपाय महागडा नाही. उकळून गार केलेल्या पाण्यात तुरटी विरघळवून बाटलीत ठेवावी, प्रत्येकासाठी कापसाचा नवा बोळा घ्यावा, त्यावर द्रावण ओतून गालाला लावावे आणि बोळा टाकून द्यावा. बोळा परत बाटलीत बुडवू नये. घरी मात्र प्रत्येकाने आपापला खडा वापरावा, वापरानंतर धुऊन कोरडा ठेवावा. वडील आणि मुलगा एकच खडा वापरत असतील तर त्याचे दोन तुकडे करायला एक हातोडी पुरते.